नारिंगी मिल्कवीडचा वाफा: उत्तर इलिनॉयमधील तीन वर्षांच्या नोंदी

८ ऑक्टोबर २०२२

जागा ठरली. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधील आमच्या घराच्या दक्षिण बाजूला, भिंत आणि ड्राइव्हवे यांच्यामध्ये, सुमारे चार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद अशी हिरवळीची पट्टी आहे. तिथे दिवसभर ऊन असते, हिवाळ्यात बर्फ सर्वांत आधी तिथला वितळतो आणि उन्हाळ्यात गवतही सर्वांत आधी तिथलेच पिवळे पडते. हे गवत काढून त्या जागी अस्क्लेपियस ट्युबरोझा, म्हणजे इथे ज्याला बटरफ्लाय मिल्कवीड म्हणतात ते नारिंगी फुलांचे झुडूप, बियांपासून वाढवायचे आहे. आपल्याकडच्या रुईच्या कुळातलीच ही वनस्पती आहे. मात्र ती गुडघ्याएवढीच वाढते, तिची पाने अरुंद असतात आणि देठ मोडल्यावर पांढरा चीक न येता पाण्यासारखा रस येतो.

इलिनॉयमध्ये एकेकाळी सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी, म्हणजे नैसर्गिक गवताळ रान, होती. मूळ रूपात टिकलेली, चांगल्या दर्जाची प्रेअरी आज अडीच हजार एकरांच्या आसपास आहे. बाकी सगळीकडे मका, सोयाबीन, रस्ते आणि आमच्यासारख्यांची घरे आहेत. लिझलच्या मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानात १९६२ पासून नव्याने उभी केलेली शुलेनबर्ग प्रेअरी पाहिल्यावर हे झुडूप निवडले, कारण ते बुटके आणि आटोपशीर असते आणि साध्या मिल्कवीडसारखे जमिनीखालून धुमारे सोडत शेजाऱ्याच्या अंगणात जात नाही. घरासमोरच्या जागेसाठी हे महत्त्वाचे आहे.

खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर फोन केला. जमिनीखालच्या नळ्या आणि तारा कुठून जातात ते दाखवणारी ही सेवा मोफत आहे. त्यांच्या माणसांनी येऊन जमिनीवर पिवळ्या रंगाने गॅसची आणि नारिंगी रंगाने केबलची वाट आखून दिली. गॅसची नळी पट्टीच्या भिंतीकडील कडेखालून जाते, त्यामुळे त्या बाजूला हाताने आणि उथळच खणायचे ठरवले. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी हा फोन टाळू नये.

१६ ऑक्टोबर २०२२

निचऱ्याची चाचणी केली. फूटभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरला, ते पाणी जिरू दिले आणि संध्याकाळी पुन्हा भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात निम्म्याहून अधिक पाणी तसेच होते. बोटभर जाडीच्या काळ्या मातीखाली पिवळसर, चिकट, मुठीत दाबली की आकार धरून ठेवणारी चिकणमाती आहे. इथल्या वसाहती बांधताना मूळची सुपीक माती खरवडून नेतात, यंत्रांनी जमीन दाबतात आणि वरून पातळ थर पसरून हिरवळीचे गालिचे अंथरतात. त्याचाच हा परिणाम आहे.

या झुडपाचे सोटमूळ जाड आणि खोल जाते. दुष्काळात तेच झुडपाला तारते आणि ओल साचली की हिवाळ्यात तेच आधी कुजते. म्हणून पट्टीच्या एका टोकाला वाळूची तीन पोती चिकणमातीत मिसळून पाहिली. मिश्रण ओले असताना बरे वाटले, पण चार दिवसांच्या उन्हात ते विटेसारखे कडक झाले आणि फावडे आत जाईना. चिकणमातीत थोडी वाळू मिसळली तर वाळूच्या कणांमधल्या पोकळ्या मातीने भरून जातात आणि निचरा सुधारण्याऐवजी बिघडतो. फरक पडण्याइतकी वाळू घालायची तर ती मातीपेक्षा जास्त लागेल, आणि तेवढी माती काढून टाकायला जागा नाही.

त्यामुळे आता मातीत काही मिसळायचे नाही. उरलेल्या पट्टीवरचे गवत मुळांसह सोलून काढले, खालची चिकणमाती काट्याने फक्त भुसभुशीत केली आणि तिच्यावर जाड वाळू, बारीक खडी आणि थोडी साधी माती यांचा सुमारे २५ सेंटिमीटर उंचीचा, दोन्ही बाजूंना उतार असलेला लांबट वरंबा रचला. कंपोस्ट अजिबात घातलेले नाही. वाळू-खडीचा खर्च घरपोच आणण्यासह ११० डॉलर झाला. या प्रकल्पातील हा सर्वांत मोठा खर्च आहे आणि आधीची तीन पोती त्यात धरलेली नाहीत.

१२ नोव्हेंबर २०२२

बी आले. बी निवडताना दोन गोष्टी पाहिल्या. पहिली म्हणजे ते आपल्याच प्रदेशातल्या झाडांचे असावे. पूर्व किनाऱ्याकडच्या आणि मध्य-पश्चिमेकडच्या झाडांच्या उपजाती वेगळ्या आहेत आणि इथली उपजात इंटिरियर या नावाने ओळखली जाते. दुसरी म्हणजे चिकणमातीत टिकणाऱ्या झाडांपासून गोळा केलेले बी काही रोपवाटिका वेगळे विकतात. तेही एक पाकीट घेतले. दोन्ही मिळून साधारण सात डॉलर लागले.

महाराष्ट्रातून आलेल्या आमच्या ओळखीच्या काही जणांनी विचारले की गावाकडे दारात लावतात ती हळदी-कुंकवाची झाडे, म्हणजे अस्क्लेपियस क्युरासाव्हिका, का लावत नाही. तीही मिल्कवीडच आहे, पटकन वाढते आणि पहिल्याच वर्षी फुलते. ती झाडे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली आहेत. टेक्सस, फ्लोरिडासारख्या उबदार भागांत ती हिवाळाभर हिरवी राहतात, त्यामुळे काही मोनार्क फुलपाखरे (ज्यांच्या अळ्या फक्त मिल्कवीडची पाने खातात) स्थलांतर न करता तिथेच अंडी घालत राहतात आणि पानांवर साचत जाणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीची लागण पिढ्यानपिढ्या वाढत जाते. इलिनॉयमध्ये पहिल्याच कडक थंडीत हे झाड मरते, त्यामुळे तो धोका इथे कमी आहे. तरीही दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागणारे परदेशी झाड लावण्यापेक्षा याच मातीत वर्षानुवर्षे जगू शकणारे झाड लावावे, असे मला ठामपणे वाटते.

आज निम्मे बी थेट वरंब्यावर पेरले. या बियांना उगवण्यापूर्वी ओलाव्यासह थंडीचा काळ लागतो. तो निसर्गानेच द्यावा, हा विचार. बी चपटे आणि तपकिरी असते. ते अर्धा सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ दिले नाही, वर जाड वाळूचा पातळ थर दिला आणि खारी उकरू नयेत म्हणून तारेची जाळी विटांनी दाबून ठेवली. उरलेले निम्मे बी फ्रिजमध्ये थंडावून घरात उगवायचे आहे, म्हणजे दोन्ही रीतींची तुलना होईल.

२९ जानेवारी २०२३

फ्रिजमधल्या बियांवर बुरशी आली आहे. ओल्या कागदी रुमालात गुंडाळून, पिशवीत बंद करून ४ अंश सेल्सियसच्या आसपास महिनाभर ठेवायचे, अशी सर्वसाधारण रीत आहे. कागद फार ओला राहिला आणि कडेच्या बियांवर पांढरे तंतू पसरले. मऊ पडलेले बी फेकून दिले, उरलेले गाळणीत वाहत्या पाण्याखाली धुतले आणि या वेळी जाड वाळूत मिसळले. ही वाळू मुठीत दाबली तर एकत्र राहील पण पाणी गळणार नाही, इतकीच ओली ठेवली. महिना आजपासून पुन्हा मोजायचा, त्यामुळे पूर्ण महिना वाया गेला. कागद वापरूच नये. वाळूत हवा खेळती राहते आणि नंतर वाळूसकट पेरता येते.

५ मार्च २०२३

फ्रिजमधले बी पेरले. सोटमुळासाठी पाच इंच खोल साच्यांचे ट्रे घेतले. नेहमीच्या उथळ ट्रेमध्ये मूळ तळाला लागून वळते आणि वळलेले सोटमूळ पुढे कधी सरळ होत नाही. खाली उष्णतेची चटई आणि वर साधे एलईडी दिवे आहेत, आणि मातीचे तापमान २२ अंशांच्या आसपास ठेवले आहे. ट्रे आणि चटई यांसाठी ५२ डॉलर लागले. दिवे घरात होते.

२ एप्रिल २०२३

दोन आठवड्यांत बहुतेक बियांना अंकुर आले, आणि त्यानंतरच्या आठवड्यात त्यांतली पुष्कळशी रोपे मातीलगत बारीक होऊन आडवी पडली. ही मर आहे, म्हणजे ओलीमुळे रोपांना होणारा बुरशीचा रोग. कारणे तीन होती आणि तिन्ही एकत्र आली: तयार मिळणारी कुंडीची माती पीटमुळे (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या भुग्यामुळे) फार ओल धरणारी होती, ट्रेवर प्लास्टिकचे झाकण अंकुर आल्यानंतरही राहिले होते, आणि पाणी वरून घातले जात होते. मातीवर बारीक काळी चिलटेही दिसू लागली होती, ती याच ओलीची खूण आहे.

उपाय म्हणून झाकण काढले, लहान पंखा मंद वेगाने दिवसभर चालू ठेवला, मातीवर बारीक खडीचा पातळ थर दिला आणि पाणी खालच्या तबकातून, तेही वरची माती कोरडी दिसल्यावरच द्यायला सुरुवात केली. दोन दिवसांत मर थांबली. वाचलेल्या काही रोपांना पातळ केलेले द्रवरूप खत देऊन पाहिले, तर ती आठवड्याभरात उंच, लुळी आणि फिकट झाली. खत न दिलेली रोपे बुटकी पण दाट पानांची राहिली. हे झुडूप हलक्या, नापीक मातीत वाढणारे आहे, आणि टोमॅटो-मिरचीच्या रोपांना मानवते ते सगळे त्याला बाधते. खत बंद केले आहे.

२० मे २०२३

घरातली रोपे बाहेर लावली. आधी आठवडाभर दिवसा सावलीत, मग थोड्या उन्हात ठेवून त्यांना वाऱ्याची आणि उन्हाची सवय लावली होती. निम्मी रोपे वरंब्यावर लावली आणि काही मुद्दाम वरंब्याच्या पायथ्याशी, चिकणमातीच्या सपाट जमिनीत लावली; तिथे चिकणमातीत टिकणाऱ्या झाडांच्या बियांची रोपे ठेवली आहेत. साच्यातून काढताना ज्यांचा मातीचा गोळा फुटला आणि मूळ उघडे पडले ती रोपे संध्याकाळपर्यंत माना टाकून होती.

थेट पेरलेल्या बियांपैकी काहीही वर आलेले नाही. जाळी काढलेली नाही.

११ जून २०२३

यंदाचा मे शिकागोत नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा सर्वांत कोरडा मे ठरला आणि जूनही कोरडाच चालला आहे. प्रौढ झुडूप दुष्काळ सहज सोसते हे खरे, पण तीन आठवड्यांपूर्वी लावलेल्या रोपाचे मूळ पाच इंचांपेक्षा खोल नसते आणि वाळूचा वरंबा तर वरून खाली झपाट्याने सुकतो. गोळा फुटलेली रोपे मेली. बाकीच्यांना दर तिसऱ्या दिवशी पहाटे, रोपाच्या बुडाशी, सावकाश पाणी देत आहे.

ससे हा दुसरा प्रश्न होता. मिल्कवीड विषारी असल्याने कोणी खात नाही असे सांगितले जाते. बटरफ्लाय मिल्कवीडमध्ये ती विषारी द्रव्ये या वर्गातल्या इतर झाडांपेक्षा बरीच कमी असतात, आणि कोवळी रोपे सशांनी जमिनीपासून दोन बोटे उंचीवर तिरकी, चाकूने कापल्यासारखी छाटली. आता प्रत्येक रोपाभोवती बारीक छिद्रांच्या तारजाळीचे फूटभर उंचीचे नळकांडे ठोकले आहे. जाळीला २६ डॉलर लागले. छाटलेल्या रोपांपैकी ज्यांच्यावर एखादे पान शिल्लक होते ती पुन्हा फुटत आहेत.

याच धामधुमीत जाळीखालून बारीक हिरवी पाने वर आलेली दिसली. नोव्हेंबरात पेरलेले बी उगवले आहे. घरातल्या रोपांपेक्षा ती दोन महिने मागे आहेत आणि संख्येनेही कमी आहेत, पण कोरड्या हवेत, मी पाणी न देता, ती ताठ उभी आहेत.

२९ जून २०२३

कॅनडातल्या वणव्यांच्या धुराने दोन दिवस आकाश तपकिरी आहे आणि घराबाहेर काम करू नये अशी सूचना आहे. पाणी देण्यापलीकडे काही केले नाही.

८ ऑक्टोबर २०२३

पहिले वर्ष संपत आले. कोणत्याही झुडपाला फूल आले नाही आणि येणे अपेक्षितही नव्हते. बियांपासून फुलापर्यंत दोन ते तीन वर्षे लागतात. खालची पाने पिवळी पडून गळत आहेत.

वाढीची तुलना करावी म्हणून मेलेले एक लावलेले रोप आणि दाटीतून काढायचे असलेले एक थेट पेरलेले रोप उपटून पाहिले. लावलेल्या रोपाचे मूळ पाच इंचांवर साच्याच्या तळाशी थांबून तिथून दोन-तीन बारीक फाट्यांत फुटले होते. थेट पेरलेल्याचे खोड बोटभर उंच, पण मूळ सरळ खाली इतके गेले होते की ते खालच्या चिकणमातीत तुटले आणि त्याचे टोक हाती आलेच नाही. घरात दिवे, चटई, ट्रे आणि तीन महिन्यांची देखभाल खर्च करून जे मिळवले त्यापेक्षा उघड्यावर बर्फाखाली राहिलेल्या बियांनी अधिक मिळवले आहे. हे झुडूप आपल्या नजरेआड, जमिनीखाली आधी वाढते, आणि आपण मात्र त्याची प्रगती पानांवरून मोजत बसतो.

वाळलेल्या काड्या कापलेल्या नाहीत. पुढच्या वसंतात झुडूप कुठे आहे हे दाखवणारी दुसरी खूण नसते.

१० मार्च २०२४

जानेवारीच्या मध्यात तापमान उणे २० अंश सेल्सियसच्या आसपास गेले होते. त्या थंडीने नुकसान झाले नाही, कारण वर बर्फ होता आणि जमीन सलग गोठलेली होती. नुकसान फेब्रुवारीअखेरीने केले. २७ तारखेला पारा २३ अंशांपर्यंत चढला आणि रात्रीतून गोठणबिंदूच्या खाली उतरला. ओली जमीन दिवसा वितळते आणि रात्री गोठून फुगते, आणि प्रत्येक फेरीत उथळ मुळांची रोपे थोडी थोडी वर उचलली जातात.

सपाट चिकणमातीतली लावलेली रोपे मुळाच्या गड्ड्यासह वर आलेली होती. काहींचे मूळ हात लावताच साल सुटून आतून तपकिरी निघाले, म्हणजे ती हिवाळ्यातच कुजली होती. चिकणमातीसाठी म्हणून घेतलेल्या बियांची रोपेही त्यांत होती. बियाण्याला दोष देण्यासारखे काही नाही. ड्राइव्हवेवरचे वितळलेले पाणी नेमके तिथे साचते आणि तेवढी ओल कोणत्याच बियाण्याने सोसली नसती. वरंब्यावरची उचललेली रोपे बोटांनी पुन्हा दाबून बसवली आणि भोवती मूठभर खडी टाकली. थेट पेरलेल्यांपैकी एकही हललेले नव्हते.

पुढच्या हिवाळ्याआधी पायथ्याशी एक चर काढून ड्राइव्हवेचे पाणी पन्हाळीच्या नळाजवळच्या खोलगट जागेकडे वळवायचे आहे.

१९ मे २०२४

वरंबा उघडा दिसतो. आजूबाजूच्या बागांमध्ये सगळे हिरवे झाले असताना इथे फक्त गेल्या वर्षीच्या काड्या उभ्या आहेत. हे झुडूप वसंतात सर्वांत उशिरा उठणाऱ्यांपैकी आहे आणि ते मेले असे समजून उकरून टाकणारे लोक पुष्कळ आहेत, त्यामुळे वरंब्याला हात लावलेला नाही. तण मात्र याच काळात सर्वांत जोरात येते. ते उपटताना काडीभोवतीची वीतभर जागा सोडून द्यावी लागते, कारण कोवळा कोंब मातीखाली अगदी वरच असतो आणि चटकन मोडतो.

यंदा या भागात सतरा वर्षे जमिनीखाली वाढून बाहेर येणारे सिकाडा हे कीटक निघत आहेत; तेराव्या क्रमांकाच्या या झुंडीची मागची पिढी २००७ मध्ये आली होती. वरंब्याशेजारच्या जुन्या झाडाखाली जमिनीला बोटाएवढी भोके पडली आहेत. सिकाडा अंडी लाकडी फांद्यांत घालतात, त्यामुळे मिल्कवीडला त्यांच्यापासून धोका नाही. जाळ्या केवळ पक्ष्यांच्या धांदलीपासून बचाव म्हणून ठेवल्या.

२६ मे: पहिले कोंब दिसले, जांभळट, शतावरीच्या कोंबांसारखे. वरंब्यावरची बहुतेक सगळी झुडपे जिवंत आहेत.

१६ जून २०२४

ड्राइव्हवेच्या बाजूच्या झुडपांचे शेंडे पिळवटून खाली वळले आणि पाने अरुंद, दोरीसारखी झाली. आधी रोग वाटला. मग लक्षात आले की पलीकडच्या हिरवळीवर चार दिवसांपूर्वी, वारा असताना, रुंद पानांच्या तणांना मारणारे औषध फवारले गेले होते. ते औषध गवताला सोडते आणि बाकी सगळ्याला असेच पिळवटते. शेजाऱ्यांना झुडपे दाखवल्यावर त्यांनी मनापासून दखल घेतली, आमच्या बाजूची दोन मीटरची पट्टी फवारणीतून वगळायला सांगितले आणि आता फवारणीच्या आदल्या दिवशी ते कळवतात. त्या दिवशी मी वरंब्यावर जुनी चादर टाकते. पिळवटलेले शेंडे कापून टाकले. यंदा त्या झुडपांना फुले येणार नाहीत.

२१ जुलै २०२४

थेट पेरलेल्या तीन झुडपांना फुले आली. घरात वाढवलेल्यांपैकी एकालाच आली.

फुलांबरोबर मावाही आला. हा पिवळाधमक, काळ्या पायांचा मावा मुख्यतः मिल्कवीड आणि कण्हेर यांच्यावर जगतो. तो मूळचा भूमध्य समुद्राकडचा आहे आणि नर नसतानाही माद्या थेट पिल्ले देत राहतात, त्यामुळे दोन दिवसांत अख्खा शेंडा झाकून जातो. साबणाच्या पाण्याने एक शेंडा धुतला, आणि नंतर त्याच शेंड्याच्या पानाखाली मोनार्कचे अंडे वाळलेले दिसले. साबण माव्याला आणि अंड्याला सारखाच मारतो. तेव्हापासून क्रम असा ठेवला आहे: आधी प्रत्येक पान उलटून पाहायचे, टोकदार घुमटासारखे दुधी रंगाचे अंडे दिसले तर ते पान सोडायचे, आणि उरलेल्या भागावरचा मावा दोन बोटांनी पुसून पाण्याच्या बारीक धारेने धुवायचा. थोडा मावा शिल्लक ठेवायचा, म्हणजे मावा खाणारे ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या तिथे येऊन राहतात. धडधाकट झुडपाला माव्याने कायमचे नुकसान होत नाही.

तयार रोपे विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच लिहून ठेवते. निओनिकोटिनॉइड वर्गातील कीटकनाशक दिलेली रोपे दिसायला निर्दोष असतात, पण ते औषध झाडाच्या रसात, पानांत आणि मधात उतरलेले असते आणि पाने खाणाऱ्या अळ्या मरतात. ज्या विक्रेत्याला याबद्दल नीट उत्तर देता येत नाही त्याच्याकडून मिल्कवीड घेऊ नये.

२६ ऑक्टोबर २०२४

वाळलेल्या काड्या कापून वाफा साफ करावा, असे वसाहतीच्या घरमालक संघाचे पत्र आले. इलिनॉयमध्ये याच वर्षी झालेल्या कायद्यानुसार स्थानिक वनस्पती लावण्याला असे संघ सरसकट मनाई करू शकत नाहीत, मात्र वाफ्याची निगा राखलेली असावी लागते. उत्तरात कायद्याचा उल्लेख केला, वरंब्याला दगडांची नेटकी कड लावली, ड्राइव्हवेकडे झुकलेल्या काड्या छाटल्या आणि झाडाच्या नावाची लहान पाटी रोवली. पुढे काही आले नाही. दगडांना ४० डॉलर लागले. चरही याच आठवड्यात काढून झाला.

६ जुलै २०२५

वरंबा फुलला आहे. झुडपे गुडघ्याएवढी आहेत, एकेका झुडपाला अनेक खोडे आहेत आणि प्रत्येक खोडाच्या टोकाला नारिंगी फुलांचे सपाट झुबके आहेत.

आज सकाळी दहा ते दुपारपर्यंत वरंब्याशेजारी बसून येणारे कीटक पाहिले. सर्वांत जास्त होत्या इथल्या भुंग्यासारख्या बंबलबी, तीन-चार निरनिराळ्या जातींच्या. पोटाखाली पराग वाहणाऱ्या पाने कापणाऱ्या माश्या आल्या, काळ्या आणि सोनेरी अशा दोन्ही मोठ्या गांधीलमाश्या आल्या, ठिपक्यांचे मोठे नारिंगी फ्रिटिलरी फुलपाखरू बराच वेळ एकाच झुबक्यावर होते, आणि मोनार्कही येऊन गेले. मधमाश्याही होत्या, पण त्या युरोपातून सतराव्या शतकात इथे आणलेल्या आहेत. हा वाफा ज्यांच्यासाठी केला त्या इथल्या रानमाश्या आहेत, ज्यांना माणसाने ठेवलेली पेटी नसते आणि ज्यांची काळजी घेणारा पाळक नसतो. त्यांतली बंबस अफिनिस ही बंबलबी २०१७ मध्ये देशपातळीवर संकटग्रस्त घोषित झाली आणि शिकागोच्या आसपास ती अजून तग धरून आहे. मला ती आज दिसली नाही.

फुलाची रचना भिंगाखाली पाहिली. रुईप्रमाणेच याचे पराग सुटे नसतात. ते मेणचट परागपुंजांत बांधलेले असतात आणि असे दोन पुंज एका चिमट्याला खोगिराच्या दोन पिशव्यांप्रमाणे लटकलेले असतात. फुलाच्या कडेला पाच बारीक खाचा असतात. मधासाठी आलेल्या कीटकाचा पाय निसरड्या फुलावरून घसरून खाचेत जातो, चिमटा पायाला बसतो, आणि जोर लावून पाय ओढणारा कीटक ते पुंज घेऊन दुसऱ्या फुलावर जातो, जिथे पुंज पुन्हा नेमका खाचेत उतरावा लागतो. हे इतके अवघड आहे की लहान कीटक कधी कधी अडकून मरतात, आणि फुलांच्या मानाने शेंगा फारच थोड्या धरतात. शिवाय झुडूप स्वतःच्याच परागाने सहसा फळत नाही. म्हणून एकच झुडूप लावून शेंगांची वाट पाहू नये, आणि एकाच झुडपाची छाटकलमे करून वाफा भरू नये. वेगवेगळ्या बियांपासून वाढलेली किमान पाच-सहा झुडपे जवळ असावीत.

१० ऑगस्ट २०२५

वरंब्यावर मोनार्कच्या अळ्या थोड्याच आहेत. मोनार्कच्या माद्या अंडी घालताना बटरफ्लाय मिल्कवीडपेक्षा साध्या किंवा पाणथळ मिल्कवीडला पसंती देतात. हे झुडूप मधासाठी उत्तम आहे, अळ्यांसाठी मध्यम. म्हणून गेल्या शरदात पन्हाळीजवळच्या, चराचे पाणी जिथे जाते त्या ओल्या चिकणमातीत पाणथळ मिल्कवीडचे, म्हणजे अस्क्लेपियस इनकार्नाटाचे, बी पेरले होते. ज्या ओलीने ट्युबरोझाची मुळे कुजवली तीच याला मानवते. रोपे अजून हातभरही नाहीत आणि त्यांच्यावर पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या भरपूर आहेत. काही रोपांची पानेच संपली आहेत. ती पुन्हा फुटतील, त्यामुळे अळ्या हलवलेल्या नाहीत.

या महिन्यात जन्मलेली मोनार्क फुलपाखरे थोड्याच दिवसांत मेक्सिकोतील मिचोआकान आणि मेक्सिको राज्यांमधील ओयामेल वृक्षांच्या जंगलांकडे निघतील. तिथे त्यांनी व्यापलेले क्षेत्र १९९६-९७ च्या हिवाळ्यात १८ हेक्टरांहून अधिक होते. २०२३-२४ मध्ये ते ०.९० हेक्टर आणि गेल्या हिवाळ्यात १.७९ हेक्टर भरले. डिसेंबर २०२४ मध्ये मोनार्कला धोक्यातील जात म्हणून संरक्षण देण्याचा प्रस्ताव अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने मांडला. आकडे वाचून मन जड होते, आणि म्हणूनच पुढच्या वर्षी पाणथळ मिल्कवीडची जागा दुप्पट करायची आहे.

५ ऑक्टोबर २०२५

शेंगा पिकल्या. त्या झुडपावर उभ्या असतात आणि तपकिरी होऊन शिवणीवर उकलू लागल्या की एका दिवसाचाच अवकाश असतो. वारा आला की बी घेऊन म्हाताऱ्या उडून जातात. शिवण नुसती उकलू लागलेली असताना शेंग काढावी, आतला रेशमी गुच्छ टोकाशी चिमटीत घट्ट धरावा आणि दुसऱ्या हाताने बी खाली ओढावे; गुच्छ मोकळा सुटला तर घरभर रेशीम होते. हिरव्या शेंगेतले पांढरट बी काढून उपयोग नाही, ते उगवत नाही. काही शेंगांवर मिल्कवीडचे लाल-काळे ढेकूण बियांमध्ये सोंड खुपसून बसले होते. त्यांनी शोषलेले बी हलके आणि पोकळ असते, ते पाण्यात तरंगते. निम्म्या शेंगा झुडपांवरच ठेवल्या आहेत.

तीन वर्षांचा एकूण खर्च अडीचशे डॉलरच्या थोडा पुढे गेला. पुन्हा करायचे झाल्यास उष्णतेची चटई, ट्रे, फ्रिजमधले बी आणि सुरुवातीची वाळूची पोती मी वगळीन. वरंबा, तारजाळी आणि नोव्हेंबरातली थेट पेरणी एवढेच ठेवीन, म्हणजे खर्च दीडशेच्या आत राहील. वेळेत मात्र बचत होणार नाही, कारण पहिल्या दोन वर्षांत मूळ वाढत असते.

यंदाचे बी कागदी पाकिटांत भरून त्यावर जागा आणि वर्ष लिहिले आहे. वसाहतीतल्या चार घरांनी ते मागितले आहे, शेजाऱ्यांनीही. त्यांच्या हिरवळीची जी दोन मीटरची पट्टी फवारणीतून वगळली आहे तिच्यावर वरंबा रचायला पुढच्या शनिवारी सुरुवात करतो आहोत. ८११ ला फोन झाला आहे, आणि तिथे गॅसची नळी नाही.